भाऊ ब्राऊन शुगर घेतो. १० दिवसांच्या डिटॉक्सने सुटेल, की बुप्रेनॉर्फिन सुरू करावं? ती गोळी म्हणजे दुसरं व्यसनच नाही का?

तुमचा शेवटचा प्रश्न शब्दशः आमच्या मामांचा आहे, म्हणून लिहायला बसले.

माझा धाकटा भाऊ गर्द, म्हणजे हीच ब्राऊन शुगर, ओढायचा. मामांनी त्याला चिपळूणजवळ गावी नेऊन माडीवर कोंडलं. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, तुम्ही घरात बघितलीच असेल: नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, पायांत गोळे, रात्रभर तळमळ. दोन-तीन दिवस जीव नकोसा होतो, आठवड्याभरात ओसरते. त्याचीही ओसरली. पोरगा जेवायला लागला आणि मामा गावभर सांगत सुटले, डॉक्टर कशाला हवेत, धाक हवा!

मुंबईला आल्यावर त्याने पुन्हा पुडी ओढली, पूर्वीइतकीच, वर दारू. शरीराची सवय मात्र तोवर मोडलेली. ओठ निळे, श्वास जेमतेम. कॅज्युअल्टीत नॅलोक्सोनचं, म्हणजे हेरॉइनच्या अतिडोसावरच्या उताऱ्याचं, इंजेक्शन मिळालं म्हणून वाचला. नुसत्या डिटॉक्सनंतरचे आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात ते यामुळेच. मामांच्या हिशेबात हा प्रसंग कधी येतच नाही.

त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांनी बुप्रेनॉर्फिन दिलं. जिभेखाली ठेवायची गोळी. मेंदूत हेरॉइन (ब्राऊन शुगर म्हणजे तेच, अशुद्ध रूपात) जिथे बसतं तीच जागा ती धरून ठेवते, पण तिचा जोर एका मर्यादेपुढे चढत नाही. तलफ शमते आणि माणूस कामावर जातो. भाऊ जातो. ही गोळी आणि याच कामाचं दुसरं औषध मेथाडोन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, हे मामांना सांगून झालं. "त्यांचं काय जातंय!" हे उत्तर. स्वतः रक्तदाबाची गोळी रोज सकाळी न चुकता घेतात, ते चालतं.

तेव्हा गोळी सुरू करा, आणि "बंद कधी?" म्हणून भावाच्या मागे लागू नका. कुणाला काही महिने लागतात, कुणाला वर्षं. घरात असा कुणी मामा असेल तर पहिल्या भेटीला त्यालाही डॉक्टरांसमोर बसवा.

हां, मी डॉक्टर नाही. पहिली गोळी टर्की नीट सुरू झाल्यावरच देतात. आधी घेतली तर टर्की उसळून येते. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत, श्वास मंदावतो. आणि नॅकोची (सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची) ओएसटी केंद्रं, म्हणजे नशेच्या जागी असं औषध देणारी केंद्रं, मुळात सुई टोचून घेणाऱ्यांसाठी आहेत; भाऊ नुसता ओढत असेल तर थेट मानसोपचार विभागात जा.