आवाज लावणीचा नाही म्हणतेस?

प्रिय पोरी,

तुझा निरोप मिळाला. दहा डिसेंबरला सुलोचना चव्हाणांच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम, त्यातल्या तीन लावण्या तुझ्या वाट्याला, आणि तुझं आपलं एकच तुणतुणं, "बाई, माझा आवाज लावणीचा नाही हो." फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "हो हो" करतेस आणि फोन ठेवेपर्यंत निम्मं विसरतेस. म्हणून लिहितेय.

आधी एक काम कर. १९५१ च्या 'ढोलक' या हिंदी चित्रपटातलं 'चोरी चोरी आग सी दिल में लगाकर चल दिए' शोध आणि डोळे मिटून ऐक. चाल श्यामसुंदर यांची, गायिका सुलोचना कदम. आवाज कसा, तर दुधावरची साय. ठसका शोधून सापडायचा नाही. ते संपलं की लगेच १९६४ च्या 'सवाल माझा ऐका'मधलं 'सोळावं वरीस धोक्याचं' लाव. बाई त्याच, कदमांच्या चव्हाण झालेल्या. मधे तेरा वर्षं गेली. आता मला सांग, लावणीचा आवाज घेऊन जन्माला यावं लागतं का?

त्या गिरगावच्या फणसवाडीतल्या. लहानपणी मेळ्यात गायल्या, पण कुणा बुवांकडे गंडा बांधून शिकल्या नाहीत. लावणी त्यांच्याकडून बसवून घेतली ती यजमानांनी, दिग्दर्शक श्यामराव चव्हाणांनी. बाई त्यांनाच गुरू मानायच्या. श्यामरावांनी त्यांना शब्द शिकवला: कुठल्या शब्दाला उठाव द्यायचा, कुठला नुसता स्पर्श करून सोडायचा. तान-पलट्यांचा तो रियाजच नव्हे. म्हणून तू गेले पंधरा दिवस घसा खरवडून जो 'लावणीचा टोन' काढायचा प्रयत्न करते आहेस ना, तो आधी बंद कर. नाहीतर दहा तारखेला तुझा घसा बसेल आणि लिंबूपाणी घेऊन मीच विंगेत उभी राहीन.

त्याऐवजी वही घे. लावणी हाताने उतरवून काढ आणि आठ दिवस ती गाऊच नकोस, बोल. गॅलरीत उभं राहून समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींना टोमणा मारतेस, तशी बोल. ओळीतला नेमका कुठला शब्द टोचला पाहिजे, तो सापडला की पेन्सिलीने खूण कर. एका ओळीत एकच खूण, दोन झाल्या की ओळ फिसकटते. आणि 'सोळावं'तला 'ळ' जीभ वळवून नीट लाव. तुझ्या वयाच्या मुली 'सोलावं' म्हणतात, मग खाली ढोलकी कितीही कडाडू दे, लावणी उभी राहत नाही. 'वरीस'चं 'वर्ष' करू नकोस. उलट नसलेला गावरानपणाही चिकटवू नकोस. गीतकार जगदीश खेबूडकरांनी जिथे जेवढा घातलाय तेवढा पुरे आहे.

आता माझी फजिती ऐक. ऐंशीच्या दशकात गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या ऑर्केस्ट्राचे रोज कार्यक्रम असायचे. लालबागला एका रात्री मुख्य गायिका आजारी पडली आणि कोरसमधून मला पुढे ढकललं. मी काय करावं? हात कमरेवर, भुवई वर, एका कडव्याला तर चक्क डोळा मारला. शिट्ट्यांनी मंडप दणाणला. मी हवेत! मागे आले तर आमचे ढोलकीवाले काका खाली बसून दोरीतल्या कड्या सरकवत होते. वर न बघता म्हणाले, "बाई, आज लोकांनी तुमचा हात बघितला. गाणं कुणी ऐकलं नाही." मग ढोलकीच्या चाटीवर एक बोट मारून नाद ऐकला आणि पुन्हा कड्यांना लागले. मी रात्रभर जागी.

सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेऊन माइकसमोर जवळजवळ स्थिर उभ्या राहायच्या. काय व्हायचं ते गळ्यात व्हायचं. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं ते त्या गळ्यासाठी. तेव्हा नऊवारी नेस, हौस आहे ना, पण घुंगरू नकोत आणि ती कोपरं कुणाला मारतेयस अशी फिरवू नकोस. सरळ उभी राहा. पहिल्या दोन मिनिटांत हात कुठे ठेवावेत कळणार नाही. कळू नये. मग सगळी शक्ती आपोआप शब्दात उतरते.

त्या पदराबद्दल निवेदक हमखास बोलणार, "डोक्यावरचा पदर ढळू न देता त्यांनी लावणी घराघरांत नेली." खरं आहे ते. पण मला ते वाक्य थोडं खुपतं. गिरगावातल्या घरात बाईंची लावणी रेडिओवर मोठ्यांदा लागायची, आणि त्याच घरातला माणूस लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाला गेला, तर घरी सांगायचा नाही. गाणं घरात आलं, गाणारणी फडावरच राहिल्या. विठाबाई नारायणगावकर आणि यमुनाबाई वाईकर यांचं ऋण सुलोचनाबाईंच्या नावाने मिटवू नये. तुला दोन वाक्यं बोलायची संधी मिळाली, तर ही नावं घे. लोक थोडे अवघडतील. अवघडू देत.

पोस्टर करणाऱ्या मुलाला मात्र आजच फोन कर. त्याने मला पाठवलेल्या नमुन्यावर फोटो अभिनेत्री सुलोचनादीदींचा आहे! त्या ४ जून २०२३ ला गेल्या. आपल्या बाई त्याआधी, १० डिसेंबर २०२२ ला, वयाच्या ८९व्या वर्षी गेल्या. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. एवढी वर्षं गाऊन, फार उशिरा. असो, त्यावर मी लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही.

राहिला ट्रॅकचा प्रश्न. संयोजक म्हणतात, ट्रॅकवर गा, खर्च वाचतो. अजिबात ऐकू नकोस. ट्रॅक तुझ्यासाठी थांबत नाही. टोचणाऱ्या शब्दाआधी तू अर्धा श्वास रोखलास, की ढोलकीवाला तुझ्या तोंडाकडे बघत तिथेच हात अडवतो आणि मग थाप टाकतो. ती गंमत मशीनला कुठून जमणार? पैसे कमी पडत असतील तर कीबोर्ड काढा, ऑक्टोपॅड काढा. ढोलकी, पेटी आणि मंजिरी एवढ्यावर तीन लावण्या मजेत होतात. मागून सूर देत झील धरायला मी येते, अजून सूर लागतो माझा.

मंगळवारी चारला ये. लिफ्ट बंद आहे, जिना हळू चढ, नाहीतर आल्या आल्या धापा टाकत बसशील. पेन्सिलीच्या खुणा केलेली वही आण. मोबाइल बघून शब्द म्हणायला लागलीस तर चहा मिळणार नाही.

तुझी,
बाई