सर्व्हर 7 टक्केच चालतोय, मग स्लो का?

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत 4 कोअरचा (म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतंत्र काम करणारे 4 भाग असलेला) लिनक्स सर्व्हर आहे. सकाळी 11 ते 2 काउंटरला गर्दी असते आणि नेमकं तेव्हाच सॉफ्टवेअर रडतं, एका एन्ट्रीला मिनिट लागतं. प्रोसेसर किती वापरला याची नोंद ठेवणाऱ्या सार कमांडचा कालचा रिपोर्ट काढला, 100 मधून आयडल (रिकामा वेळ) वजा केलं तर शेवटच्या अ‍ॅव्हरेजच्या ओळीत 7 टक्के वापर दिसतो. 11 ते 2 च्या ओळी 25, 26, 26, 25 अशा, बाकी वेळ 4 च्या आसपास. व्हेंडर म्हणतो 8 कोअरचा नवीन सर्व्हर घ्या, मॅनेजर म्हणतात 7 टक्क्यांवर कसला नवीन सर्व्हर! खरं कोणाचं? आणि 95 पर्सेंटाइल काढलं तर काही कळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: या आकड्यांवरून तरी दोघांचंही नाही.

7 तर आधी बाजूला ठेवा. त्यात शटर बंद असतानाचे तासही धरलेत, 3 तास 26 आणि 21 तास 4 म्हटलं की सरासरी 7 च्या आतबाहेर येणारच, पण रात्री 2 वाजता सर्व्हर मोकळा होता याचं रांगेत उभ्या माणसाला काय कौतुक.

95 पर्सेंटाइल, म्हणजे 95 टक्के ओळी ज्याच्या खाली येतात तो आकडा, त्यापेक्षा बरं. सार साधारण दर 10 मिनिटांनी एक ओळ लिहितं, म्हणजे दिवसाच्या 144, त्या चढत्या क्रमाने लावल्या तर वरच्या 5 टक्क्यांत जेमतेम 7 ओळी येतात आणि तुमच्या गर्दीच्याच 18 आहेत, त्यामुळे उत्तर 26 च्या जवळ येईल. रात्र गळली, ठीक, पण मॅनेजर म्हणणार अजून 74 टक्के शिल्लक आहे की!

खरी गोम पुढेच आहे. ती ओळ चारही कोअरची मिळून सरासरी असते. एक कोअर फुल्ल 100 वर आणि तीन रिकामे, भागिले 4, झाले 25. गर्दी कमीजास्त होत असताना तुमचा आकडा 3 तास 25-26 ला चिकटून बसलाय, मला हेच सगळ्यात खटकलं, कारण वर जायला खरंच जागा असती तर तो उड्या मारत राहिला असता. माझा संशय असा की एकच प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) एका वेळी एकच कोअर वापरू शकतेय, बाकीचे तीन बघत बसलेत. तसं असेल तर 8 कोअरच्या सर्व्हरवर हाच घोळ 12-13 टक्के दिसेल, आणि कोअरचा स्पीड तोच असला तर एन्ट्रीला मिनिट ते मिनिटच.

अजून एक, तुम्ही फक्त आयडल वजा केलंत, त्यामुळे आयओवेट, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, तोही त्या 26 मध्येच बसलाय. तो कॉलम वेगळा बघा. त्यात 20-22 असतील तर कोअर काम करत नाहीये, डिस्कची वाट बघतोय, मग डिस्कच्या मागे लागायचं.

उद्या साडेअकराला टॉप ही लाइव्ह वापर दाखवणारी कमांड लावा आणि 1 दाबा, चारही कोअर वेगळे दिसतील. खाली प्रोसेसच्या यादीतले टक्के एका कोअरच्या हिशोबाने असतात, तिथे कोणी 99-100 वर चिकटलंय का बघा. हे लाइव्हच बघायचं, जुन्या रिपोर्टवर नाही, कारण 10 मिनिटांत प्रोसेस या कोअरवरून त्या कोअरवर फिरत राहते, आणि तसंही 30 सेकंद 100 टक्के नि उरलेली साडेनऊ मिनिटं 5 टक्के असले तरी ओळीत 10 च दिसतात. चिकटलेली प्रोसेस सापडली की तिचा स्क्रीनशॉट व्हेंडरला पाठवा, कोटेशनचं नंतर बघू म्हणावं.