सून वाईट की सासू, एवढ्यावरच भांडू नकोस

अगं,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. 'मेक वे फॉर टुमॉरो' ह्या जुन्या हॉलिवूड सिनेमावर (घर गेल्यावर म्हातारं जोडपं दोन मुलांकडे वेगवेगळं राहायला जातं तो) तू मनापासून लिहिलंस आणि लोकांनी चार दिशांना चार मतं फेकली, एक म्हणतो मुलं नालायक, दुसरी म्हणते म्हातारीच लुडबुड करते, तिसऱ्याला सगळा रडका मेलोड्रामा वाटला, आणि आता तू मला विचारतेयस की बरोबर कोण. मी काही निकाल देणार नाहीये बघ. पण कोण कुठल्या सीनवरून बोलतोय ते आधी शोध, मग निम्मं भांडण तिथंच मिटतं.

तो ब्रिजच्या क्लासचा सीन परत लाव. सून घरी पत्त्यांचे धडे देऊन चार पैसे कमावतेय, हॉलमध्ये टेबलं मांडलीयेत, आणि सासूबाई मधोमध करकरणाऱ्या झुलत्या खुर्चीत! वर लोकांच्या पत्त्यांत डोकावून बोलतात पण. आपल्यालाही वैताग येतो, खरं सांग. मग नवऱ्याचा फोन येतो, ती फोनवर मोठमोठ्यानं बोलते, आधी सगळ्यांना अडचण वाटते आणि हळूहळू खोलीतला एकेक जण गप्प होतो. म्हणजे ज्याला म्हातारी त्रासदायक वाटली तोही सीनला धरूनच बोलतोय, आणि जिला रडू आलं तीसुद्धा. दिग्दर्शक लिओ मॅककॅरीनं दोघांनाही जागा ठेवलीय, आणि मला विचारशील तर सिनेमाची खरी ताकद तीच. (गंमत म्हणजे सून झालेली फे बेंटर ही सासू झालेल्या ब्युला बाँडीपेक्षा वयानं जेमतेम चार-पाच वर्षांनी लहान होती, मेकअपवाल्याला दंडवत.)

'आधी पैसे का नाही साठवले' असं जो म्हणाला त्याच्याशी मात्र वाद घाल. सिनेमा 1937 चा, मंदीचा काळ, म्हाताऱ्याला काम नाही, घर बँकेनं घेतलेलं. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे म्हातारपणी सरकारी पेन्शन देणारा कायदा झाला 1935 ला पण दरमहा पेन्शन मिळायला 1940 उजाडलं. म्हणजे मुलांच्या दारात जाण्याशिवाय बहुतेकांकडे होतं काय? हे माहीत नसताना मत दिलं तर ते मत कच्चंच.

आणि 'बागबान'ची कॉपी की उलट, ह्या चर्चेत शिरूच नकोस, वेळ जातो नुसता. तुलनाच करायची तर शेवटाची कर. 'बागबान'मध्ये बापाचं पुस्तक गाजतं, मुलांची जिरते, टाळ्या. इथं कोणाचीच जिरत नाही. मुलगा वृद्धाश्रमाचं कसं सांगू म्हणून चाचरतोय तर आईच आधी म्हणते की मला तिथं जायचंय, नवऱ्याला मात्र कळू देऊ नकोस. आता ह्या मुलाला नालायक म्हणायचं की बिचारा? मला तो भित्रा वाटतो, तुला वेगळा वाटला तर तसं लिही, माझं ऐकू नकोस. स्टुडिओला गोड शेवट हवा होता, मॅककॅरीनं दिला नाही, सिनेमा चालला नाही. त्याच वर्षीच्या त्याच्याच दुसऱ्या सिनेमासाठी, 'द ऑफुल ट्रुथ'साठी, त्याला ऑस्कर मिळालं तर म्हणाला, चुकीच्या सिनेमाला दिलंत.

रडका म्हणणाऱ्याला चिडून उत्तर देऊ नकोस. त्याला न्यूयॉर्कमधल्या शेवटच्या काही तासांबद्दल विचार, दोघं जिथं हनिमूनला उतरले होते त्या हॉटेलात जातात, डान्स फ्लोअरवर उभे राहतात आणि बँड एकदम फास्ट धून धरतो, दोघं गोंधळतात, कंडक्टर बघतो आणि धून बदलून संथ वॉल्ट्झ लावतो, बास. ना डायलॉग ना भाषण. हा सीन बघूनही 'रडका' म्हणाला तर म्हणू दे, त्याची आवड वेगळी.

आता तुझ्या लेखाबद्दल. पहिल्याच ओळीत दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचं ह्या सिनेमाबद्दलचं ते दगडालाही रडू फुटेल छापाचं वाक्य टाकलंयस, काढ ते, सगळेच टाकतात. 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी' पण उडव. त्याऐवजी तुला सुनेचा राग कुठे आला आणि कुठे गेला ते लिही. आणि नातीची भानगड आजी लपवते तो भाग तू गाळलायस, नेमकं तिथंच म्हातारीची बाजू लंगडी पडते, म्हणून गाळलास का? तो घालून रविवारपर्यंत पाठव, मी बघतो.

काका