प्रश्न तुमचे : पसारा आवरायला सुरुवात कुठून करायची?

प्रश्न : मी ४६ वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. मिस्टरांचं उद्यमनगरात छोटं मशीनशॉप आहे. तिथले हिशेब, जीएसटीचे कागद, सासूबाईंची औषधं, मुलाची बारावी, सगळं माझ्याकडं. दिवसभर पळते, तरी रात्री काहीच झालं नाही असं वाटतं. लग्नाआधी गाणं शिकत होते, तेही सुटलं. मैत्रीण म्हणते, लाइफ कोचकडं जा. खरंच उपयोग होतो का?

उत्तर : होतो, पण कोच तुमचं कपाट लावून देत नाही आणि अमुक करा असंही सांगत नाही. तो प्रश्न विचारतो, निर्णय तुम्हालाच घ्यायला लावतो आणि पुढच्या भेटीत त्याचं काय झालं ते विचारतो. तुमच्या पत्रात आळस कुठंच दिसत नाही. दिसतात ते लांबलेले निर्णय. टेबलावर पडलेल्या प्रत्येक कागदाचं काय करायचं, तेच ठरलेलं नाही. म्हणून कोच शोधण्याआधी एवढं घरीच करा.

दोनशे पानी वही घ्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून सलग ४० मिनिटं, डोक्यात अडकलेलं प्रत्येक काम एकेका ओळीत लिहून काढा. साठ-सत्तर ओळी झाल्या तरी घाबरू नका. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओळीपुढं नेमकी कृती लिहा. नुसतं ‘जीएसटी’ लिहिलं तर काळजी तेवढी वाढते. ‘विक्रीची बिलं तारखेप्रमाणं लावून सीएंना पाठवणे’ असं लिहिलं की हात चालतो. दरमहा विवरणपत्र भरत असाल तर जीएसटीआर-१ ची (विक्रीचा तपशील) मुदत ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी ची (कर भरण्याचं विवरणपत्र) २० तारीख. कॅलेंडरवर मात्र ५ आणि १४ तारखेला खूण करा, कारण एखादं बिल गहाळ आहे हे हमखास शेवटच्या दिवशी कळतं.

कागदांसाठी तीनच फायली पुरतात: करायचं, सीएंकडं द्यायचं, जपायचं. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, तेव्हा ते उत्साहाच्या भरात रद्दीत घालू नका. आणि आधी डबे-खोकी विकत आणू नका. बहुतेकांचं इथंच चुकतं: न ठरवलेले कागद खोक्यात जातात आणि महिन्याभरात टेबल पुन्हा भरतं.

वहीतून आठवड्याला तीनच मोठी कामं उचला. प्रत्येकाला वाटतो त्याच्या दीडपट वेळ धरा. कारखान्याच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास वही घेऊन बसा. सुट्टीच्या दिवशी पाहुणे येतात आणि तो अर्धा तास हमखास बुडतो. सासूबाईंच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरणं मुलाकडं द्या. बारावी आहे म्हणून दहा मिनिटंही मागायची नाहीत, हे आम्हाला पटत नाही. पहिले काही आठवडे डबा तेवढा तुम्ही तपासा.

आता गाण्याचं. कोच बहुधा एक वर्तुळ काढायला लावतात. त्याचे आठ भाग: आरोग्य, पैसा, काम, जोडीदार, घरची माणसं, मैत्री, छंद, शिकणं. प्रत्येकाला १० पैकी गुण द्या. ज्याचे गुण वाढले तर बाकीचंही हलकं होईल, तो भाग निवडा; सर्वांत कमी गुणांचाच असायला हवा असं नाही. छंदाला २ असतील तर एकदम ८ चा विचार करू नका, ३ कसे होतील ते पाहा. देवल क्लब ही संगीताची संस्था १८८३ पासून आपल्या गावात आहे. एखाद्या मैफलीला जाऊन बसणं हीसुद्धा सुरुवातच. रियाझ रोज १५ मिनिटं, ठरलेल्या वेळी. ‘सवड मिळाली की’ म्हणाल तर ती मिळणार नाही.

एवढं करूनही गाडी अडली तर कोच जरूर घ्या. आपल्याकडं या कामाला परवाना लागत नाही, कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून प्रशिक्षण किती तास झालं ते विचारा. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या एसीसी या पहिल्या पायरीला ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, पीसीसी या पुढच्या पायरीला १२५ आणि ५००. पंधरा दिवसांतून एक याप्रमाणं सहा भेटी ठरवा. फी, भेट रद्द करण्याचे नियम आणि गुप्तता लेखी घ्या. तीन महिन्यांनी काय बदललेलं हवं, ते एका वाक्यात आधीच लिहून ठेवा. खात्रीशीर यशाची हमी देणारा, वर्षाचे पैसे आगाऊ मागणारा किंवा चालू औषधं बंद करा म्हणणारा कोच नको.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, तर ते कोचचं काम नाही. सीपीआर रुग्णालयात किंवा ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

प्रश्न : कागलहून कोल्हापुरात एमपीएससीच्या अभ्यासाला आलोय. टाइमटेबल तिसऱ्या दिवशी मोडतं.

उत्तर : चौदा तासांचं टाइमटेबल मोडणारच. आठवडाभर प्रत्यक्ष अभ्यासाचे तास नोंदवा, मग त्यात फक्त अर्धा तास वाढवा. घड्याळाऐवजी रोज घडणाऱ्या गोष्टीला अभ्यास जोडा: मेसचा नाष्टा झाला की राज्यघटनेची दहा पानं. सवय २१ दिवसांत लागते हे विसरा. लंडनमधल्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक १८ ते २५४. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं विशेष फरक पडला नव्हता. तेव्हा बुडालेले तास दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाऊ नका. नेहमीचीच दहा पानं वाचा.