सूर-संवाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, माझी लेक गिटारवर बीटल्सचं 'येस्टरडे' बसवतेय. पुस्तकात दिल्याप्रमाणे जी मेजरपासून सुरू केलं की रेकॉर्डपेक्षा सूर चढा लागतो. चूक कुठं होतेय? आणि ही चाल स्वप्नात सुचली होती, हे खरं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, लेकीची चूक नाही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं बोटं जीचीच धरली होती, पण गिटारच्या सहाही तारा एकेक पूर्ण स्वर उतरवल्या होत्या. म्हणून रेकॉर्डवर पट्टी एफची, म्हणजे आपली पांढरी चार. घरच्या पेटीवर लावून बघा, लगेच जुळेल.

स्वप्नाचं खरं आहे. लंडनला विम्पोल स्ट्रीटवरच्या घरात तो जागा झाला तो ही चाल घेऊनच. दुसऱ्या कुणाची तर ऐकलेली नाही ना, म्हणून किती दिवस तो लोकांना वाजवून दाखवत, विचारत होता. शब्द नव्हते, तोवर अंड्याच्या भुर्जीवरचे शब्द घालून गायचा. खरे शब्द १९६५ मध्ये पोर्तुगालच्या प्रवासात जमले.

१४ जून १९६५ ला लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. दुपारी त्याच गळ्यानं 'आय एम डाउन' हे घसा फोडून गायचं गाणं म्हटलं आणि संध्याकाळी हे! दोनच टेक झाले. बाकीचे तिघे यात वाजवतच नाहीत. तीन दिवसांनी त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिननं दोन व्हायोलिनं, एक व्हिओला आणि एक चेलो घातले. पॉलची मागणी होती, स्वर हलवायचा नाही, सरळ ठेवायचा. मी वीस वर्षं ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलं. लांब स्वर आला की बोट आपोआप हलतं. ते रोखून धरणं किती अवघड, हे वाजवणाऱ्यालाच कळतं. या गाण्याला ती तंतुवाद्यं जड होत नाहीत ती त्यामुळेच, असं मला मनापासून वाटतं.

लेकीला एक मात्र सांगा. पूर्ण कडवं आठ नव्हे, सात आवर्तनांचं आहे. सवयीनं आठवं आवर्तन भरलं की चाल मोडते. गिटार बाजूला ठेवून आधी बोटांवर मोजत चार दिवस नुसतं गाऊ दे. आणि कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावू नका. त्यानं सूर वर जातो, आपल्याला खाली आणायचाय.