संकट तर टळलं, मग आता का रडू येतंय?

या वेळच्या पत्रांत एक गंमत दिसली, गंमत म्हणायचं की काय देव जाणे. संकटात असलेल्यांची पत्रं कमी, आणि त्यातून बाहेर पडलेल्यांचीच जास्त. चार घेतलीत. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी ४४ वर्षांची आहे. नवऱ्याचा धंदा बुडाला आणि तीन वर्षं आम्ही नुसते हप्ते फेडत होतो. सासरी, माहेरी, ऑफिसात, कुण्णालाही कळू दिलं नाही. लग्नकार्याला तेच कपडे फिरवून घालायचे आणि वर हसायचं. शेवटचा हप्ता फिटला तो दिवस आला की मी नाचेन असं वाटायचं, प्रत्यक्षात मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला लागले. त्याला आता पाच महिने झाले. हल्ली ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडते, सात-आठ मिनिटं, मग तोंड धुऊन बाहेर. अनोळखी नंबरवरून फोन आला की पोटात गोळा येतो. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. नवरा म्हणतो आता तर सगळं सुरळीत झालंय ना. सुख टोचतंय का मला?

उत्तर : नाही हो, सुख टोचत नाहीये. सुख अजून तुमच्यापर्यंत पोचलेलंच नाहीये.

रस्त्यात गाडी घसरता घसरता वाचते ना, तेव्हा त्या क्षणी आपण एकदम शिताफीने हँडल सावरतो, आणि बाजूला नेऊन उभी केली की मग पाय लटपटायला लागतात. तुमची गाडी तीन वर्षं घसरत होती आणि पाच महिन्यांपूर्वी तुम्ही ती कडेला लावलीत. आता पाय लटपटतायत, एवढंच. शरीराला हप्ता फिटल्याचा मेसेज जात नाही. ते अजून पहाऱ्यावर उभं आहे, म्हणून तर फोन वाजला की पोटात गोळा. माझी आई शेवटचं वर्षभर आजारी होती तेव्हा पहाटे चारच्या औषधासाठी मी मोबाईलला अलार्म लावायचे. ती गेल्यावर आठ महिने तो अलार्म मी डिलीट केला नव्हता, वाजायचा, बंद करायचे, परत पडून राहायचे. कुणाला सांगितलं असतं तर येडी म्हणाले असते म्हणून सांगितलंही नाही.

आणि खरी गोम इथेच आहे असं मला वाटतं. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण ती मूठ तीन वर्षं आवळून धरल्यावर बोटं आखडतात की नाही? तुम्ही दोन कामं करत होतात, एक कर्ज फेडायचं आणि दुसरं ते लपवायचं. पहिलं संपलं, दुसरं चालूच आहे. दुखणं लपवून सोसलं की त्याचं संपणंही लपूनच होतं, कुणाला माहीतच नव्हतं म्हणून "सुटलीस गं बाई" म्हणायलाही कुणी नाही. नवरा आहे, पण तो स्वतः त्याच गाळात होता आणि त्याला बहुतेक तो विषयच नकोय (त्याची शरम वेगळी, तो वेगळा कॉलम होईल).

तेव्हा एका माणसाला सांगा. एकच. बहीण, जुनी मैत्रीण, जिच्या पोटात राहील अशी कुणीही. तुम्हाला वाटेल आता सांगून काय उपयोग, पण आताच सोपं आहे, कारण आता तुम्हाला काही मागायचं नाहीये. सुरुवातच तशी करा, "मला काही नकोय, फक्त गेल्या तीन वर्षांत काय झालं ते एकदा कुणाला तरी सांगायचंय." ऐकणाऱ्याच्या जिवाची धाकधूक पहिल्या वाक्यातच मिटते, आणि मग ती नीट ऐकते.

बोलणं अगदीच जमत नसेल तर लिहा. १९८६ साली जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या सगळ्यात वाईट अनुभवावर लिहायला लावलं होतं, शुद्धलेखन वगैरे बघायचं नाही, हात थांबवायचा नाही. लिहून उठल्यावर लगेच त्या मुलांना आणखी वाईट वाटलं हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्याच दिवशी वही फेकाल. पण ज्यांनी घडलेलं आणि त्यावेळी वाटलेलं असं दोन्ही लिहिलं त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. लिहून झाल्यावर कागद फाडून टाकलात तरी चालेल.

आता डॉक्टरांचं. हे टाळू नका प्लीज. पहाटेची जाग, रडू, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांच्या वर रोज किंवा जवळपास रोज चाललं असेल तर त्याला डिप्रेशन म्हणतात का हे तपासायलाच हवं, आणि तुमचे तर महिने झाले. बऱ्याच ठिकाणी पीएचक्यू-९ नावाचा साधा फॉर्म देतात, नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण १० किंवा वर गेले की पुढची तपासणी नीट करायची. त्यातला नववा प्रश्न जगणं नकोसं वाटतं का असा आहे. त्याचं उत्तर हो असेल तर पुढच्या अंकाची वाट बघू नका, माझ्या उत्तराचीही नको, त्याच दिवशी कुणाला तरी सोबत घेऊन डॉक्टर गाठा, किंवा तुमच्या भागातल्या हेल्पलाईनला फोन लावा, किंवा सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. त्यासोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घ्या, यातलं काही बिघडलं की माणूस असाच मलूल होतो. आणि ४४ म्हणजे पाळीच्या बदलांचंही वय, त्यात झोप उडते, तेही डॉक्टरांना सांगा. गोळ्या दिल्याच तर दोन-चार आठवडे फरक जाणवत नाही, कधी सहाही लागतात, आणि नेमकं त्याच काळात लोक "काही उपयोग नाही" म्हणून बंद करतात. तुम्ही करू नका. बरं वाटायला लागल्यावरही आपल्या मनाने एकदम सोडायच्या नाहीत.

आणखी एक, मग थांबते. या तीन वर्षांत तुम्ही काय काय बंद केलंत त्याची आठवण काढा. गाणं? पोहणं? लायब्ररी? त्यातलं एक, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, परत चालू करा आणि मूड यायची वाट बघू नका. मूड आला की करेन असं आपण म्हणतो पण गाडी उलटी चालते, केलं की मूड येतो, तोही लगेच नाही. उपचारांत याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात, आणि १९९६ च्या एका अभ्यासात डिप्रेशनच्या लोकांसाठी नुसतं एवढंच केलं तरी ते विचार बदलायच्या पूर्ण थेरपीइतकंच उपयोगी पडलेलं दिसलं. पहिल्या तीन-चार वेळा तुम्हाला कोरडंच वाटणारे. कोरडं वाटत असताना जा.

फोनची रिंगटोन तेवढी बदला. आजच.

प्रश्न : मॅडम, सात महिने झाले दारू सोडली. पीत होतो हेच घरी बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं त्यामुळे सोडली हे तरी कुणाला सांगणार. डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडली, त्रास झाला पण निभावलं. आता प्रॉब्लेम असा आहे की संध्याकाळी सात ते दहा काय करायचं तेच समजत नाही. घरात बसलो की बायको माझ्याकडे सारखी बघते, म्हणजे मला तरी वाटतं बघते. मागच्या महिन्यात एकदा घसरलो, एकच दिवस. म्हणजे सात महिने पाण्यात गेले ना?

उत्तर : आधी एक गोष्ट बाकीच्या वाचकांसाठी, कारण तुम्ही बरोबर केलंत आणि बरेच जण करत नाहीत. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एका रात्रीत सोडू नये, पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

आता तुमचं. सात महिन्यांतले सहा महिने आणि वर एकोणतीस दिवस कुठे गेले? सांगा ना. लिव्हर काय म्हणतं का, काल घेतली म्हणजे मागचं सगळं रद्द? एक दिवस घसरणं हा एक दिवस आहे. धोका त्या दिवसाचा नसतो, दुसऱ्या दिवशी सकाळी "गेलंच आहे सगळं तर आता काय" म्हणत माणूस जी दुसरी बाटली उघडतो तिचा असतो. ती तुम्ही उघडली नाहीत. मला तर त्या सकाळचंच जास्त कौतुक वाटतं.

त्या दिवशी नेमकं काय झालं होतं ते मात्र एकदा शोधा. भूक लागलेली होती का, कुणावर राग होता, एकटे होतात, थकलेले होतात? बहुतेक वेळा या चारांतलं एक तरी सापडतं, आणि सात वाजता ते सगळेच एकदम घरात शिरतात. म्हणून सहा-साडेसहाला पोटभर खाऊन घ्या, गोष्ट फालतू वाटते पण करून बघा. सात ते दहा हे तीन तास रिकामे ठेवून निश्चयाने काढायचे असतात असं नाही, त्यात काहीतरी ठोस ठेवावं लागतं, ज्यात हात गुंतेल आणि शक्यतो घराबाहेर, जिथे दुसऱ्या कुणाला तुमची वाट बघावी लागेल असं काही. झोप अजून नीट लागत नसेल तर घाबरू नका, सोडल्यावर झोपेची घडी बसायला काही महिने लागू शकतात.

आणि ग्रुप, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायच्या मीटिंगा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात कसं सुरू झालं माहितीये? एक शेअरबाजारवाला, सोडून काही महिने झालेला, परगावी एकटा पडला आणि प्यायची ओढ लागली, म्हणून त्याने दुसरा पिणारा माणूस शोधला. तो निघाला सर्जन. पंधरा मिनिटं बोलू म्हणून बसले ते कित्येक तास उठलेच नाहीत. तो दुसऱ्याला वाचवायला गेला नव्हता, स्वतःची संध्याकाळ काढायला गेला होता. मीटिंगला पूर्ण नावही सांगावं लागत नाही, तुमची गुप्तता तशीच राहते.

बायको बघते, खरंच बघते. घाबरलेली आहे ती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिनेही खाल्लाय इतकी वर्षं, तुम्ही पीत होतात तेही लपवलं आणि तिचे हालही. घसरलेला दिवस तिला सांगितलात का? पत्रात तसं दिसत नाही. सांगा. तिला बहुधा वासावरून कळलंच असेल आणि आता ती तुम्ही सांगताय का याची वाट बघतेय.

प्रश्न : ताई, सगळे म्हणतात पॉझिटिव्ह राहा, प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी चांगलं असतं. माझं बाळ सातव्या महिन्यात गेलं. यामागे काय चांगलं असतं?

उत्तर : काही नाही. काहीही चांगलं नसतं यामागे, आणि असं म्हणणाऱ्यांशी वाद घालायची ताकद आत्ता वाया घालवू नकोस.

पॉझिटिव्ह राहायचा प्रयत्न करून तुला जास्तच आठवत असेल तर तेही साहजिक आहे. १९८७ साली डॅनियल वेगनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून बघितलं होतं, ते अस्वल काही डोक्यातून हलेना, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर आणखीच यायला लागलं. इथे तर अस्वल नाही, तुझं बाळ आहे. विचार कर त्याचा. नाव ठेवलं असशील तर नावाने बोल. मोठ्या दुःखानंतर माणसात होणाऱ्या बदलांचा अभ्यास टेडेशी आणि कॅलहून या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलाय, त्यांचंही म्हणणं हेच की काही लोकांना पुढे जगण्याबद्दल नवीन काही उमगतं, नाती घट्ट होतात, पण त्याने दुःख जात नाही, दोन्ही सोबत राहतात. आणि ज्याला तसं काही उमगलं नाही तो नापास झाला असं अजिबात नाही.

अंगावर दूध आलं असेल, दुखत असेल, तर डॉक्टरांना विचार, त्यावर उपाय असतो. हे कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहिलं. नवऱ्यालाही विचार तो कसा आहे, त्याला कुणीच विचारत नाहीत.

प्रश्न : माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीने आता सांगितलं की ती दोन वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या घेत होती. आम्ही रोज भेटायचो हो! मला खूप लागलं ते. मी इतकी परकी का?

उत्तर : लागणारच. पण हे तिला आत्ता नका सांगू, मला सांगितलंत तेवढं बास. ती दोन वर्षांनी तोंड उघडतेय आणि पहिल्याच दिवशी तिला तुमची समजूत काढावी लागली तर ती परत गप्प होईल. रोज भेटायचात म्हणूनच सांगितलं नसेल, दिवसातला तेवढा एक तास तिला आजारी नसल्यासारखं राहता येत असेल.

"आधी का नाही सांगितलंस" हा प्रश्न गिळा. त्याऐवजी "गोळ्या चालू आहेत का अजून, फॉलोअपला कोण येतं सोबत?" असं विचारा. एकटी जाते म्हणाली तर तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशीची रजा आधीच टाकून ठेवा.