परदेशातून दत्तक घेतलेली मुलगी कोल्हापुरातल्या एकत्र कुटुंबात रुळावी म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की परदेशी नोकरीत असताना तिथलीच पाच वर्षांची मुलगी दत्तक घेतलीत, पुढच्या महिन्यात तिला घेऊन कायमचे कोल्हापूरला येताय, घरी सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची मुलं असा गोतावळा आहे आणि ती या सगळ्यांत कशी रुळेल याची काळजी लागलीय. आमची लेक इथिओपियाची. माझे मिस्टर तिथे प्राध्यापक होते. तिथल्या कोर्टातून आम्ही तिला दत्तक घेतलं आणि साडेचार वर्षांची असताना शिवाजी पेठेतल्या घरी आणलं. (२०१८ च्या जानेवारीत त्या देशाने परदेशी लोकांना मुलं दत्तक देणं कायद्यानेच बंद केलं. आमचं त्याआधीचं.) आता ती आमच्या घरात दंगा घालणारी मोठी मुलगी आहे.

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एक करा. सुरुवातीचे काही महिने तिचं जग लहान ठेवा.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पोरगी येणार म्हटल्यावर दारात रांगोळी, औक्षण, मग पै-पाहुणे, भावकी, गल्लीतल्या बायका. प्रत्येकीला तिला उचलून घ्यायचं असतं, हातात चॉकलेट द्यायचं असतं. सगळं मायेपोटीच. पण संस्थेत वाढलेल्या मुलाने सांभाळणारी माणसं सारखी बदलताना पाहिलेली असतात. जो येतो तो उचलून घेतो, खायला देतो आणि एक दिवस दिसेनासा होतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. अशी पोर कुणाच्याही कडेवर हसत जाते आणि लोक म्हणतात, बघा, किती लवकर रुळली! ते रुळणं नव्हे. ही दोन माणसं वेगळी आहेत, ही कुठे जात नाहीत, हे तिला आधी पटायला हवं. म्हणून भरवणं, आंघोळ, झोपवणं, लागलं-खुपलं तर जवळ घेणं हे सुरुवातीला फक्त तुम्ही दोघांनी करा. बाकीच्यांनी तिच्याशी खेळावं, हसावं, पण ती रडायला लागली की तुमच्याकडे आणून द्यावं.

हे घरच्यांना आत्ताच फोनवर सांगून ठेवा, ती दारात उभी असताना नको. माझ्या सासूबाईंना ते लागलं होतं. "म्हंजे नातीला आमी हात बी लावायचा न्हाई व्हय?" मग मिस्टरांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना थोपवायचं काम त्यांच्यावरच सोपवलं. त्या बाहेरच्या सोप्यात बसायच्या, आलेल्याला चहा पाजायच्या आणि "पोर झोपलीया, नंतर या" म्हणून वाटेला लावायच्या. ती जागी असली तरी. त्यांच्याइतकं चोख ते काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

बारसं आम्ही केलं, घरच्यांपुरतं. नाव बदललं नाही. आत्याने कानात तिचंच नाव सांगितलं, आणि अनोळखी बाईच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकून लेकीने तिच्याकडे असं वळून पाहिलं की माझ्या नणंदेचे डोळे भरून आले. कळकळीने सांगते, नाव बदलू नका. उच्चारायला अवघड असलं तर घरातल्यांनी शिकावं.

जेवणाचं म्हणाल तर आमचं नशीब चांगलं. इथिओपियात डाळीच्या पिठाचं तिखट कालवण करतात, शिरो म्हणतात त्याला, म्हणजे आपल्या पिठल्याचं सख्खं भावंडच. त्यांची इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची असते, आंबट आणि जाळीदार. मी ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर आंबोळ्यांसारखं घालायची. तिकडचा बेरबेरे मसाला आणि आपली कांदा-लसूण चटणी दोन्ही जहालच, त्यामुळे तिखटाचा प्रश्नच आला नाही. पुढे तिने मिसळीचा कट मागून घ्यायला सुरुवात केली. त्यातून तिकडे एका ताटात सगळे जेवतात आणि मायेच्या माणसाला हाताने घास भरवतात. मी भरवला की ती लगेच तिच्या छोट्या हाताने माझ्या तोंडात घास कोंबायची. तुमची मुलगी ज्या देशातली आहे तिथलं रोजचं साधं जेवण, सणाचं नव्हे, दोन-तीन पदार्थ तरी येण्याआधी शिकून घ्या. पहिले काही आठवडे तेच ते खाल्लं तरी खाऊ द्या. आणि उशीखाली पोळीचा तुकडा, दप्तरात बिस्किटं सापडली तर रागावू नका. पुन्हा मिळेल याचा भरवसा नसलेली मुलं अन्न लपवतात. आम्ही तिच्या हाताला येईल अशा फळीवर एक डबा ठेवला होता, चुरमुरे, केळी, शेंगदाण्याचे लाडू. तो कधी रिकामा ठेवायचा नाही आणि तिने कधीही घेतलं तर विचारायचं नाही.

दुधाची मात्र सक्ती नको. सासऱ्यांची हौस होती की नातीला गंगावेशीतल्या कट्ट्यावर नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध पाजावं. कोल्हापूरकराला ते सांगायलाच नको. आमच्या डॉक्टरांनी आधीच अडवलं. आफ्रिका-आशियातल्या पुष्कळ लोकांना बाळपण सरल्यावर दूध नीट पचत नाही, आणि न तापवलेलं तर मुलाला देऊच नये. दही-ताक तिला सोसलं. आल्या आल्या बालरोगतज्ज्ञांकडून रक्त, जंत, क्षय, कावीळ ब, एचआयव्ही या तपासण्या नव्याने करून घ्या, जुने रिपोर्ट हातात असले तरी. लसींचा कागदही दाखवा. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांतून भारतात येताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं आणि ती लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. तुमचा देश त्या यादीत आहे का बघा.

आता एक गंमतीचा वाटेल पण महत्त्वाचा प्रसंग. काही विचारलं की लेक एकदम श्वास आत ओढायची, दचकल्यासारखा. सासूबाई घाबरल्या, "अगं, पोरीला दम लागतोय काय? दवाखान्यात न्या." तिकडे 'हो' म्हणायची ती पद्धत आहे, आम्हा दोघांना इतकी सवयीची की घरच्यांना सांगायचं सुचलंच नव्हतं. तुमच्या मुलीचे असे हावभाव, मान हलवण्याच्या तऱ्हा घरच्यांना आधी सांगा. पाणी, भूक, दुखतंय, शू लागली, भीती वाटते, एवढे तिच्या भाषेतले शब्द घरातल्या प्रत्येकाला यायला हवेत. आम्ही ते देवनागरीत लिहून फ्रिजवर चिकटवले होते. ती मराठी किती लवकर शिकेल याची काळजी करू नका. काळजी उलट बाजूची आहे. एवढ्या वयाची मुलं पहिली भाषा काही महिन्यांत विसरतात. आमची अम्हारिक विसरली, आता मोठेपणी आवडीने पुन्हा शिकतेय.

झोपेसाठी वेगळी खोली सजवू नका. संस्थेत ती दहा जणींत झोपलेली असते. आपल्याकडे खाली गाद्या घालून सगळे ओळीने झोपतात, याहून चांगलं काही नाही.

लोकांच्या बोलण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त त्रास होतो. रंकाळ्यावर फिरायला गेलो की अनोळखी माणसं तिच्या केसांना हात लावायची. "ही तुमचीच का?" "एवढी काळी कशी?" तिच्यासमोर, तिला मराठी कळायला लागल्यावरही. आम्ही ठरवून टाकलं होतं, "आमचीच" एवढं एकच उत्तर, आणि केसांना हात लावणाऱ्याचा हात शांतपणे बाजूला करायचा. तिची गोष्ट रस्त्यावरच्या माणसाला सांगायचा हक्क आम्हाला नाही, तो तिचा. शाळेत पहिल्याच दिवशी वर्गशिक्षिकेला भेटून सांगितलं की रंगावरून चिडवणं झालं तर त्याच दिवशी थांबवा, आणि त्या बाईंनी ते केलं. केस असे दाट कुरळे असतील तर कोरडे विंचरू नका. ओले करून, तेल किंवा कंडिशनर लावून, रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर सोडवत जा. सासूबाई "कापून टाक" म्हणत होत्या. नंतर त्याच तिच्या बारीक वेण्या घालायला शिकल्या.

भावकीतल्या एका काकांनी "परक्या देशाचं रक्त" असा विषय काढला, तेव्हा सासरे म्हणाले, "शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे. १८८४ साली गादीवर दत्तक आले. त्यांच्या नावानं जयजयकार करताय न्हवं?" विषय तिथेच संपला. तुमच्या घरीही हा विषय निघेल. उत्तर घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून आलं पाहिजे, तुमच्या नव्हे.

कागदांचं थोडक्यात. परदेशात दत्तक घेतलेल्या मुलाची प्रक्रिया त्या देशाच्या कायद्याने पुरी होते आणि तो देश हेग करारातला (देशादेशांमधल्या दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) असेल तर 'कारा'ची, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मंजुरीही लागते. मुलगी तिच्या देशाच्या पासपोर्टवर भारताचा व्हिसा घेऊन येईल. मग १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली नोंदणीसाठी अर्ज, तो जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत जातो. वेळ लागतो. दत्तकाचा आदेश आणि जन्माचा दाखला यांची त्या देशातूनच अधिकृत साक्षांकित प्रत आणि इंग्रजी भाषांतर जादा संख्येने घेऊन या.

आणि तुम्ही अजून तिकडेच आहात म्हणून शेवटचं. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की विचारते, मी कुठे राहायचे, मला कोण सांभाळायचं, माझी आई कोण. आमच्याकडे द्यायला काहीतरी होतं कारण मिस्टरांनी निघण्याआधी संस्थेत जाऊन तिची खाट, अंगण, जेवणाची जागा यांचे फोटो काढले, तिला सांभाळणाऱ्या बाईंचा आवाज आणि त्या म्हणायच्या ती झोपायची गाणी फोनवर रेकॉर्ड केली. ती गाणी लेकीने पुढे कितीदा ऐकलीत. संस्था बंद होतात, माणसं बदलतात, कोल्हापुरात बसून हे मागवता येत नाही. तिची रोजची पांघरायची चादर मागून घ्या आणि न धुता आणा, वासाने पहिल्या रात्री झोप लागते. सामान बांधायला घेण्याआधी एवढं करून या.